तेरापैकी तेरा दिवस: बार्सिलोनातल्या दम्याच्या साथीचं प्रकरण

दमा काही गोवर-कांजिण्यांसारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तरीही 1981 पासून स्पेनमधल्या बार्सिलोनात मधूनच एखादा दिवस असा उगवे, की मोठ्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत काही तासांच्या आत दम्याचे रुग्ण एकामागून एक येऊन पडत. बहुतेक प्रौढ. धाप अचानक लागलेली आणि झटका जबर. काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावं लागे, काही दगावलेही. दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टी पुन्हा नेहमीसारखी. 1987 पर्यंत असे 26 प्रसंग नोंदले गेले.

ॲलर्जीच्या संशोधनात हे प्रकरण अजूनही शिकवलं जातं. कारण तसं साधं आहे. इथं उत्तर रुग्णाच्या छातीत शोधून सापडलं नसतं, ते बंदराच्या कागदपत्रांत होतं. तिथपर्यंत पोचण्यासाठी संशोधकांना अभ्यासाचं एककच बदलावं लागलं. आधी त्यांनी रुग्ण बाजूला ठेवला आणि दिवस तपासायला घेतला.

पहिला संशय अर्थातच हवेच्या प्रदूषणावर गेला. औद्योगिक शहर, दाट वस्ती, मागे कोल्सेरोलाचे डोंगर, पुढे समुद्र. वारा पडला की धूर कोंडणारच. पण धुरानं कोंडलेले दिवस वर्षात कितीतरी येतात आणि साथ मोजक्याच दिवशी येते. शिवाय धूर शहरभर पसरतो, हळूहळू वाढतो, हळूहळू ओसरतो. दोन-चार तासांत उसळी घेऊन नाहीसा होणारा आलेख त्याच्याशी जुळत नाही. विषाणूचंही तेच: एकाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. परागकणांचा हंगाम तर आठवडेच्या आठवडे चालतो. आलेखाचा आकारच सांगत होता की कुठूनतरी एका जागेवरून, थोडाच वेळ, काहीतरी हवेत सुटतंय.

साथीचा दिवस म्हणजे नेमका कोणता

इथं घाई केली की पुढचं सगळं फसतं. ‘त्या दिवशी फार गर्दी होती’ ही व्याख्या होऊ शकत नाही. बार्सिलोनाच्या गटानं (जोसेप मारिया अंतो, जोर्दी सुन्येर आणि सहकारी) मोठ्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतल्या नोंदी एकत्र करून आधी नेहमीचा ओघ किती हे पाहिलं. मग त्या ओघात निव्वळ योगायोगानं बसणार नाहीत असे दिवस वेगळे काढले.

हिशेब कसा चालतो ते बनावट आकड्यांवर दाखवता येईल. समजा, शहरात दर चार तासांना दम्याचे सरासरी 2 रुग्ण येतात. विरळ घटना योगायोगानं किती वेळा घडतील हे सांगणाऱ्या पॉयसाँच्या सूत्रानं एखाद्या चार तासांत 8 किंवा जास्त रुग्ण योगायोगानं येण्याची शक्यता साधारण 0.0011. हजारात एक म्हणजे नगण्य वाटतं. पण दिवसाचे चार-चार तासांचे सहा तुकडे, वर्षाचे 2190. म्हणजे काहीही घडलेलं नसताना वर्षाला दोन-तीन खोट्या ‘साथी’ हाती लागणार. मर्यादा 10 रुग्णांवर नेली तर खोटा इशारा दहा वर्षांतून एखादा. उंबरठा कुठं ठेवायचा हे असं बसून ठरवावं लागतं, आणि ते बंदराची एकही वही उघडण्यापूर्वी ठरवायचं असतं. जहाज कधी आलं हे ठाऊक असलेल्या माणसानं ‘हा दिवस साथीत धरू या’ म्हणायला सुरुवात केली, की उत्तर हवं तसं वळतं.

नोंदींच्या बाबतीत चुका ठरलेल्या असतात. एकाच झटक्याला एक डॉक्टर दमा लिहितो, दुसरा ‘ब्राँकोस्पाझम’ (श्वासनळ्या आकसणं), तिसरा सिगारेट ओढणारा म्हातारा बघून जुनाट ब्राँकायटिस. एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवलेला रुग्ण दोनदा मोजला जातो. आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे केसपेपरवर तारीख असते, वेळ नसते. तासांचा गुच्छ दिसला नसता तर बार्सिलोनातल्या कित्येक साथी साध्या ‘जरा जास्त गर्दीच्या’ दिवसांत विरून गेल्या असत्या.

नकाशाचंही तसंच आहे. घरच्या पत्त्याला इथं अर्थ नाही, धाप लागली तेव्हा माणूस कुठं होता ते विचारायला हवं. दुपारी गोदीजवळ काम करणारा माणूस रात्री उपनगरात झोपायला जात असेल, तर त्याचा पत्ता संशोधकाला भलत्याच दिशेला नेईल. बार्सिलोनात रुग्णांचे ठिपके बंदराच्या बाजूला दाटले होते. शोध तिकडं वळला.

सव्वीस मालांची यादी

बंदरात रोज काय काय उतरतं याच्या नोंदी असतात, कारण त्यावर पैसे आकारले जातात. आजाराच्या नोंदींपेक्षा त्या कितीतरी काटेकोर. 1985 आणि 1986 या दोन वर्षांचे 730 दिवस घेतले. एका बाजूला त्या काळातले साथीचे 13 दिवस, दुसऱ्या बाजूला जहाजांतून उतरवलेले 26 प्रकारचे माल. (साथीही 26 आणि मालही 26, हा निव्वळ योगायोग आहे. वाचताना गल्लत होते म्हणून सांगून ठेवलं.) मग प्रत्येक मालासाठी एकच प्रश्न: साथीच्या दिवशी तो उतरत होता का, आणि इतर दिवशी?

साथीच्या तेराच्या तेरा दिवशी सोयाबीन उतरत होतं.

इथं संख्याशास्त्राची एक अडचण येते, आणि नवख्यांचा हमखास गोंधळ उडतो. सोयाबीन उतरत नसलेल्या दिवशी साथींची संख्या शून्य. धोका किती पट हे काढायला शून्यानं भागावं लागतं, म्हणजे उत्तर अनंत. म्हणून 1989 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अहवालात धोक्याचा एकच एक आकडा नाही. विश्वासमर्यादेची, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असं धरता येतं त्या पट्ट्याची, फक्त खालची बाजू आहे: 7.2. म्हणजे अंदाज कितीही आखडता घेतला तरी धोका निदान सातपट. अशा वेळी काही जण तक्त्याच्या प्रत्येक घरात अर्धा (0.5) मिळवून वेळ मारून नेतात. ते चालतं, पण आकडेवारी लहान असेल तर त्या अर्ध्याचंच वजन उत्तरावर पडतं. अचूक पद्धतीनं खालची मर्यादा काढून तेवढीच देणं जास्त प्रामाणिक.

योगायोग किती दूरचा होता याचा अंदाज घ्यायला पुन्हा बनावट आकडा. समजा सोयाबीन दर तीन दिवसांतून एकदा उतरतं. तर कुठलाही संबंध नसताना तेरापैकी तेरा वेळा गाठ पडण्याची शक्यता सुमारे 16 लाखांत एक. अर्थात 26 माल तपासले म्हणजे योगायोगाला 26 संधी मिळाल्या, तेवढी वजावट करायला हवी. ती करूनही निष्कर्षाला धक्का लागत नाही.

उरलेल्या 25 मालांपैकी गव्हाचाही साथींशी संबंध दिसला. घाईत असलेला संशोधक इथं ‘धान्याची धूळ’ असं मोघम लिहून मोकळा झाला असता, आणि ते उत्तर कुणालाही पटलं असतं. पण गहू उतरत होता आणि सोयाबीन नव्हतं, असे दिवस वेगळे काढले तर त्यांत साथ एकही नाही. सगळ्या साथी सोयाबीनच्या दिवशी आल्या असल्यानं ती तिथं असूच शकत नव्हती. सोयाबीनचा हिशेब वजा केल्यावर गव्हाच्या संबंधाला संख्याशास्त्रीय वजन उरलं नाही. गहू त्याच दिवसांना चिकटून आला होता, इतकंच.

उलटा प्रश्न जास्त अवघड होता. सोयाबीन तर साथ नसलेल्या कितीतरी दिवशीही उतरत होतं, मग तेव्हा काही का झालं नाही? उत्तर वाऱ्यात होतं. साथीच्या सगळ्या दिवशी शहरावर हवेच्या जास्त दाबाचं क्षेत्र होतं आणि आग्नेय ते नैऋत्य या पट्ट्यातून मंद वारा वाहत होता. म्हणजे बंदराकडून शहराकडे. दाब जास्त असला की हवा वर उठत नाही, धूळ पातळ होत नाही. वारा मंद असला की ती विखुरत नाही, एका पट्ट्यात सरकत राहते. माल आणि वारा दोन्ही जुळले तरच साथ. दोहोंपैकी एकच तपासला असता तर संबंध अर्धवट दिसला असता, आणि अर्धवट संबंध दिसला की बंदराचे वकील त्यावर नेमकं बोट ठेवतात.

आता रुग्ण

दिवसांचा अभ्यास इथं संपतो, कारण त्याची मर्यादा इथंच आहे. सोयाबीन उतरलं त्या दिवशी दमा वाढला, एवढ्यावरून दमा वाढलेल्या माणसांना सोयाबीननंच ग्रासलं हे सिद्ध होत नाही. त्यासाठी माणसाचं रक्त लागतं.

गटानं साथीच्या दिवशी आलेल्या 86 रुग्णांचं आणि तुलनेसाठी 86 जणांचं रक्त घेतलं. तुलनेचे लोक कोण, यावर या टप्प्याचा सगळा भार आहे. ठणठणीत माणसं घेतली असती तर फरक मोठा आला असता, पण त्याला किंमत नसती. दम्याच्या रुग्णांत ॲलर्जीची प्रवृत्ती मुळातच जास्त, त्यामुळे त्यांच्या रक्तात कशाच्याही विरुद्ध आयजीई (ॲलर्जीत शरीर तयार करतं ती) प्रतिपिंडं सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून तुलनेला दम्याचेच रुग्ण घेतले, फक्त साथ नसलेल्या दिवशी तातडीच्या विभागात आलेले. आता दोन्ही गटांत दमा आहे, दोघांनाही झटका येऊन गेलाय, फरक फक्त दिवसाचा.

बाजारात मिळणाऱ्या सोयाबीन अर्काविरुद्धची आयजीई साथीच्या 86 पैकी 64 जणांत सापडली, म्हणजे 74.4 टक्के. तुलनेच्या 86 पैकी 4 जणांत, म्हणजे 4.6 टक्के. प्रकाशित शक्यता-गुणोत्तर (ऑड्स रेशो, दोन गटांतल्या शक्यतांची तुलना) 61. कागदावर साधा तिरपा गुणाकार केला तरी 60 च्या आसपास येतं. ॲलर्जीच्या अभ्यासांत दोन-तीनचं गुणोत्तर मिळालं तरी लोक खूश होतात, त्या मानानं हे काय आहे ते लक्षात यावं.

मग उरलेल्या 22 जणांचं काय? चाचणी नकारात्मक म्हणजे ॲलर्जी नाही, असं इथं म्हणता येत नाही. ॲलर्जीच्या चाचणीत अर्क कशाचा केलाय यावर निकाल फिरतो. सोयाबीनच्या दाण्यात अनेक प्रथिनं आहेत आणि ती दाण्याच्या वेगवेगळ्या भागांत आहेत. खाण्यातून होणाऱ्या सोया-ॲलर्जीत प्रामुख्यानं साठवणीची प्रथिनं येतात, ग्लाय एम 5 आणि ग्लाय एम 6. ती डाळीत, म्हणजे टरफलाच्या आत असतात. बार्सिलोनाच्या साथीतलं मुख्य प्रथिन निघालं ते टरफलातलं: ग्लाय एम 1, जेमतेम 7-8 किलोडाल्टनचं (रेणूच्या वजनाचं माप), अगदी छोटं. त्याच्या जोडीला टरफलातलंच ग्लाय एम 2. सोललेल्या सोयाबीनच्या पिठाचा अर्क वापरून कुणी चाचणी केली तर नेमकं हेच प्रथिन त्यात नावाला असेल. अहवाल नकारात्मक येईल आणि खरा रुग्ण हातचा निसटेल.

दाण्याच्या वजनात टरफल सात-आठ टक्के असतं. हजार टन सोयाबीन म्हणजे 70-80 टन टरफल. त्यातलं बहुतेक दाण्याला चिकटून राहतं, पण जहाजातून ग्रॅबनं (क्रेनच्या पंजानं) उचलताना, पट्ट्यावरून नेताना, उंचावरून कोठीत सोडताना दाणे एकमेकांवर आपटतात आणि टरफल तडकून त्याचा भुगा होतो. डाळ जड असते, ती खाली बसते. भुगा हलका, तो हवेबरोबर निघतो. म्हणजे हवेत सुटणारी धूळ ही सरसकट सोयाबीनची धूळ नसते. नेमका ॲलर्जी करणारा भागच त्यात गाळून वर आलेला असतो.

कोठीच्या माथ्यावर

सायलो म्हणजे धान्याची उंच कोठी. ती रिकामी दिसते तेव्हा हवेनं भरलेली असते. वरून धान्य ओतलं की तेवढ्याच घनफळाची हवा बाहेर पडणार, आणि पडणारं धान्य आपल्याबरोबर आणखी हवा आत ओढून घेत असल्यानं प्रत्यक्षात त्याहून जास्त. ही हवा कोठीच्या माथ्यावरच्या झरोक्यांतून निघते. तिथं कापडी पिशव्यांचे फिल्टर असतील तर धूळ कापडावर अडते, नसतील तर थेट शहराच्या वाऱ्यात. बार्सिलोना बंदरातल्या एका सायलोच्या माथ्यावर असे फिल्टर नव्हते.

सात वर्षं, 26 साथी, आणि कारण काय, तर कापडी पिशव्या बसवलेल्या नाहीत.

अशा फिल्टरची काळजी घ्यावी लागते, नुसता बसवून भागत नाही. पिशवीवर धुळीचा थर साचतो. थोडा थर चांगलाच, तोच बारीक कण अडवतो. जास्त झाला की हवा कोंडते, मग ती दुसरीकडून, झाकणांच्या फटींतून वाट काढते. म्हणून ठरावीक वेळानं उलट्या दिशेनं दाबाच्या हवेचा झटका देऊन थर झाडतात. पिशवीच्या आतबाहेरच्या दाबातला फरक दाखवणारं मीटर असतं. तो फरक एकदम वाढला तर पिशव्या तुंबल्या, एकदम पडला तर कुठंतरी फाटल्या. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण यंत्र मजेत चालू असतं आणि कुणाला काही जाणवत नाही. आणि माथ्यावरचा फिल्टर कितीही उत्तम असला तरी जहाजातून उचललेला ग्रॅब उघड्या हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात) रिता होत असेल, किंवा पट्टे उघडे असतील, तर धूळ तिथून सुटतच राहते. ग्रॅब खाली टेकवून मगच उघडायचा, हॉपरला पडदे आणि शोषणी लावायची, पट्टे झाकायचे, आणि वारा शहराकडे असेल त्या वेळी उतरवणी थांबवायची, अशी सगळी साखळी लागते.

फिल्टर बसल्यावर साथी थांबल्या. इथंही घाई नको. साथ हा विरळ प्रकार असतो. वर्षभर आली नाही म्हणजे उपाय लागू पडला असं नाही, कदाचित त्या वर्षी वाराच जुळला नसेल किंवा सोयाबीनच कमी आलं असेल. 1993 मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या मूल्यमापनात म्हणून दोन स्वतंत्र गोष्टी पाहिल्या आहेत: तातडीच्या विभागातल्या दम्याच्या भेटींचा कालक्रम, आणि सोयाबीन उतरत असतानाच्या दिवसांत शहराच्या हवेतलं सोयाबीनच्या प्रतिजनाचं (ॲलर्जी चेतवणाऱ्या प्रथिनाचं) प्रमाण. माल येतच होता, हवेतलं प्रतिजन घटलं होतं, साथीचे दिवस नाहीसे झाले होते. तिन्ही मिळून पुरावा होतो. हा उपाय औषधाचा नव्हता, बंदरातला होता, हे श्वसनरोगतज्ज्ञांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बार्सिलोना एकटं नव्हतं. स्पेनच्याच कार्ताहेना बंदरात सोयाबीनमुळे तशाच साथी आढळल्या. त्याच्या कितीतरी आधी, 1928 मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात फिग्ली आणि एलरॉड या डॉक्टरांनी एका तेलगिरणीभोवतीच्या वस्तीतला दमा एरंडीच्या धुळीशी जोडून दाखवला होता. म्हणजे मालाची धूळ वाऱ्यावर वस्तीत जाते आणि तिथं दमा होतो, ही कल्पना पन्नासहून जास्त वर्षं जुनी होती. तरीही 1981 मध्ये ती कुणाच्या चटकन ध्यानात आली नाही.

आपल्याकडचं बहुतेक सोयाबीन बोटीतून उतरत नाही, ते शेतात पिकतं. मराठवाडा-विदर्भात मळणीच्या दिवसांत यंत्राच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्याला अंगाची खाज आणि नाकातोंडात जाणारा भुसा सांगायला नको. लातूरसारख्या ठिकाणी बाजार समिती, गोदामं आणि तेलगिरण्या वस्तीला लागून आहेत. यावरून तिथं अशी साथ येते असं म्हणता येणार नाही, त्याला नोंदी लागतात. पण कुणाला पाहायचंच असेल तर खर्च फारसा नाही: तालुका आणि जिल्हा रुग्णालयांच्या कॅज्युअल्टी रजिस्टरात धाप लागलेल्या प्रत्येक रुग्णापुढं आल्याची वेळ, धाप सुरू झाल्याची वेळ आणि तेव्हाचं ठिकाण असे तीन रकाने, बाजार समितीची रोजची आवक, आणि जवळच्या हवामान केंद्राची वाऱ्याची नोंद. रक्ताची चाचणी करायची वेळ आलीच, तर अर्क टरफलाचा आहे की नाही हे प्रयोगशाळेला आधी विचारायचं.

जुन्या नोंदी किती काळानं कामी येतील याला काही नियम नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समध्ये 1950 आणि 60 च्या दशकांत दम्याच्या अशाच उसळ्या येत आणि चॅरिटी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी भरून जाई. तेव्हा अनेक तर्क झाले, उत्तर मिळालं नाही. बार्सिलोनाचं प्रकरण उलगडल्यावर तिथल्या संशोधकांनी त्या वर्षांतल्या साथीच्या तारखा आणि बंदरातल्या जहाजांच्या नोंदी पुन्हा शेजारी शेजारी मांडल्या. 1997 मध्ये त्यांचा अहवाल आला. साथीच्या दिवसांचा संबंध बंदरात सोयाबीन घेऊन उभ्या असलेल्या जहाजांशी लागत होता.